बैठकीचा भाव

घासाघीस हा आपल्याकडे दोष मानला जात नाही. उलट तो संसारातला एक गुण समजला जातो. तुळशीबागेत दुकानदारानं सांगितलेल्या किमतीला मुकाट्यानं वस्तू घेऊन येणाऱ्या सुनेकडे सासू जरा काळजीनंच पाहते. मंडईत मेथीच्या दोन जुड्यांवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागून घेणारी आजी तर घरोघरी असते. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो आणि त्याच न्यायानं बाजारात वागतो. त्यात गैर काही नाही. भाजीवालीलाही ते ठाऊक असतं आणि तिनं तेवढी सोय भावात आधीच करून ठेवलेली असते.

पण विकत घ्यायची गोष्ट मेथीची जुडी नसून नाच असेल तर? पायात शेर-दोन शेर घुंगरू बांधून, आपल्यासमोर घाम गाळणाऱ्या बाईशी पैशांवरून हुज्जत घालावी का?

हा प्रश्न डोक्यात आला तो एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी बसलेले गृहस्थ तालेवार होते, बोलघेवडे होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका थिएटरात मित्रांना घेऊन गेल्याची हकिकत ते रंगवून सांगत होते. ‘तीन गाण्यांच्या पैशात पाच करून घेतली,’ असं म्हणून त्यांनी जिलेबीला हात घातला. ऐकणारे हसले. मला मात्र ती दोन गाणी कुणाच्या खिशातून गेली असतील, हे शोधावंसं वाटू लागलं. त्यानंतर मी अशा थिएटरांत प्रेक्षक म्हणून बसलो, तिथल्या बायांशी आणि ढोलकीवाल्यांशी बोललो. त्यातून जे समजलं ते मांडतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तमाशाच्या धंद्यात घासाघीस मुळातच नाही, असं मुळीच नाही. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच आपल्या जत्रेसाठी तमाशा ठरवायला तिथं येतात. चहा होतो, पान होतं आणि मग सुपारीवरून अशी काही रस्सीखेच चालते की बघत राहावं. गाव किती लांब, जत्रा ऐन चैत्रातली की नंतरची, फडात माणसं किती, वगनाट्य कोणतं, या साऱ्याचा हिशेब होतो. पंच खाली ओढतात, मालक वर ताणतो. एका गावाशी नाही जमलं तर दुसरं गाव राहुटीबाहेर उभंच असतं. ही घासाघीस सरळ आहे. दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत, व्यवहार दिवसाढवळ्या चारचौघांत होतो आणि ‘नाही जमत, राम राम’ म्हणायची मुभा दोघांनाही आहे. ही मुभा महत्त्वाची. जिथं ‘नाही’ म्हणता येतं, तिथंच घासाघीस हा दोघांचा खेळ असतो.

संगीत बारीचा प्रकार वेगळा. पुण्याचं आर्यभूषण, दौंड तालुक्यातलं चौफुला, शिरूर तालुक्यातली सणसवाडी, सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब, नगरकडे जामखेड अशा ठिकाणी ही परंपरा नांदली. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. पार्टी म्हणजे एक मालकीण, तिच्या हाताखालच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली, पेटीवाला, तबलजी आणि ढोलकीवाला. रंगमंचावर एकेका पार्टीची पाळी येते, ती तिची बारी. प्रेक्षक पैसे देऊन गाण्याची फर्माईश करतो, ती दौलतजादा. आणि ज्याला खास आपल्यापुरता कार्यक्रम हवा असतो तो वेगळ्या खोलीत बैठक लावतो. बैठकीचे पैसे किती, गाणी किती, वेळ किती, हे तोंडी ठरतं. आमच्या त्या गृहस्थांनी कसब दाखवलं ते इथं.

आता हा पैसा जातो कुठं ते पाहा. त्यातला वाटा थिएटरच्या मालकाचा. वाटा मालकिणीचा. वाटा साजिंद्यांचा. उरलेलं नाचणाऱ्या मुलींचं. वाट्याचं प्रमाण ठिकाणागणिक बदलतं, पण तऱ्हा हीच. शिवाय पुष्कळ जणींनी अडीअडचणीला ‘उचल’ घेतलेली असते, म्हणजे पुढच्या कमाईवर आधीच घेतलेलं कर्ज. ती फिटेपर्यंत हातात येणारी रक्कम आणखी घटते. म्हणजे गिऱ्हाईक समजतो की आपण थिएटरवाल्याला नमवलं. पण तीन गाण्यांच्या पैशात पाच नाचायचा भार शेवटी जिच्या पायांवर पडतो, तिच्या मागं कर्जही असतं आणि घरही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आलं, तेव्हा नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर सारं घर, त्यातले धडधाकट पुरुषसुद्धा, कसं बसून खातं, हे पांढरपेशा वाचकांना पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसलं. अशा बाईला ‘नाही जमत, राम राम’ म्हणणं सोपं नसतं. समोरच्याला ते ठाऊक असतं, म्हणून तर तो ताणतो.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की त्या बायाही गिऱ्हाईक बघून भाव सांगतात. मग गिऱ्हाइकानं का उतरवू नये? यात तथ्य आहे. ऊस कारखान्याला गेल्यावर खिसा फुगलेला शेतकरी ओळखणं तिथं कुणालाही अवघड नाही. दौलतजादा करून जमिनी गहाण पडल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकायला मिळतात, आणि त्या कहाण्यांतली घरची बाई, जिचं मंगळसूत्र मोडलं जातं, ती कुणाच्या हिशेबात नसते. पण त्यावरचा उपाय घासाघीस नव्हे. किती खर्चायचे ते घरातून निघतानाच ठरवावं, तिथं गेल्यावर भाव आधी विचारावा, परवडत नसेल तर उठून यावं. भाव विचारणं वेगळं, नाकारणं वेगळं आणि घासाघीस वेगळी. पहिल्या दोहोंत दोघांचाही मान राहतो. सर्वांत वाईट ती कार्यक्रम झाल्यानंतरची घासाघीस. नाच होऊन गेलेला असतो, तो काही परत घेता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘अहो, शेवटी हा बाजारच. सगळ्याच बाजारात भाव खालीवर होतात.’ होतात खरे. पण इथं एक मेख आहे, आणि ती मला एका प्रौढ मालकिणीनं समजावली. ती म्हणाली, ‘दादा, माणूस पैसे कमी करायला लागला की आम्ही सावध होतो. पैसे कमी होत नाहीत असं दिसलं की तो दुसरं काहीतरी जास्त मागतो.’ या एका वाक्यात सारं आलं. भाजीवालीला भाव उतरवायचा नसेल तर ती मूठभर मिरच्या वर टाकते. नाचणाऱ्या बाईनं वर काय टाकायचं? जवळ बसणं, हाताला हात, आणखी काही. घासाघीस सुरू होते गाण्याच्या भावावरून आणि नकळत येऊन ठेपते बाईच्या मर्यादेवर. पैशांवर बोली लागली की मर्यादेवरही बोली लागते. म्हणून ठरलेला भाव हा तिच्यासाठी केवळ मिळकतीचा प्रश्न नाही. ती तिच्याभोवतीची भिंत आहे.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. अमेरिकेत स्ट्रिप क्लब असतात. तिथं अंगावरचे कपडे उतरवत नाचणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा क्लबच्या पगारी नोकर नसतात. उलट त्या रात्री नाचू दिल्याबद्दल त्याच क्लबला ‘हाउस फी’ भरतात, आणि खासगी नाचाच्या पैशातूनही क्लब आपला वाटा कापतो. म्हणजे संध्याकाळ उगवते तीच तोट्यात. अशा वेळी गिऱ्हाइकानं भाव पाडला तर तोटा भरून काढण्यासाठी ती काय काय कबूल करील, हे सांगायला नको. यावर तिथल्या काही जणींनी एकजुटीचा उपाय शोधला. सान फ्रान्सिस्कोतल्या ‘लस्टी लेडी’ या ठिकाणच्या नर्तिकांनी १९९६-९७ मध्ये संघटना बांधून मालकांशी करार केला आणि २००३ मध्ये तो धंदाच सहकारी तत्त्वावर आपल्या हाती घेतला. तो २०१३ मध्ये बंद पडला. लॉस एंजेलिसच्या ‘स्टार गार्डन’मधल्या नर्तिका २०२३ मध्ये नटांच्या राष्ट्रीय संघटनेत सामील झाल्या. साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या महाराष्ट्राला सहकार काही शिकवायला नको; पण घुंगरांपर्यंत तो आपण कधी पोचू दिला नाही.

आपण काय केलं? २००५ मध्ये राज्य सरकारनं कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले. तारांकित हॉटेलांना मात्र सूट ठेवली. हजारो बायका एका फटक्यात बेकार झाल्या. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्याही अनेक अटी रद्द केल्या. त्या निकालातला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. नर्तिकेला बक्षिसी देता येईल, पण तिच्यावर नोटा-नाणी उधळता येणार नाहीत. हातात देणं आणि अंगावर फेकणं यात रकमेचा फरक नसतो, माणसाचा असतो. उधळणारा आणि घासाघीस करणारा वरवर एकमेकांच्या उलट दिसतात. प्रत्यक्षात दोघांनाही समोरच्या बाईची किंमत आपण ठरवतो आहोत, हे दाखवायचं असतं.

आणि कलेचं काय? बैठकीच्या लावणीत एकेका ओळीवर अदा करायची असते. तीच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि दर वेळी चेहऱ्यावरचा, हातांचा अर्थ निराळा. एका ओळीवर बराच वेळ रेंगाळता येणं हीच तिथली विद्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर ती विद्या जाणत होत्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढं होतं. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकरांची अखेर तर हलाखीत झाली. २००२ मध्ये त्या गेल्या आणि नंतर त्यांच्या नावानं राज्य सरकारचा पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार द्यायला आपला हात सढळ असतो, बिदागी देताना आखडतो. ‘तीन गाण्यांच्या पैशात पाच’ म्हणणाऱ्याला गाणी मोजता येतात. अदा मोजता येत नाही. म्हणून त्याला फक्त एकच भाव कळतो.

आता कुणी म्हणेल, आम्ही कुठं थिएटरात जातो? खरं आहे. पण लावणी आता आपल्या दारात आली आहे. हळदीला, सोसायटीच्या वर्धापनदिनाला, गणेशोत्सवात, कचेरीच्या स्नेहसंमेलनात लावणीचा कार्यक्रम ठेवतात. मांडववाला, आचारी, फुलवाला यांचे पैसे चुकते होतात आणि कात्री लागते ती बाईच्या बिदागीला. ‘तुमचं नाव होईल की,’ असं वर ऐकवलं जातं. नावानं दुकानदार पीठ देत नाही.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. कार्यक्रम ठरवताना भाव विचारा, मोकळेपणानं विचारा आणि तो दिवसा, फोनवर, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठरवा. परवडत नसेल तर गाणी कमी सांगा. तेवढ्याच गाण्यांचे पैसे कमी करू नका. निम्मे आधी द्या, उरलेले घुंगरू सुटायच्या आत द्या. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, पोटभर जेवण आणि रात्री परत पोचवण्याची सोय या गोष्टी मेहेरबानी म्हणून नव्हे, ठरावाचा भाग म्हणून लिहून काढा. आणि बक्षिसी द्यावीशी वाटली तर उठून जा, हातात द्या, नाव विचारा.

मेथीच्या जुडीवर खुशाल भांडा. तिथं फार तर दोन रुपये वाचतात किंवा जातात. नाचणाऱ्या बाईशी भांडून वाचवलेले पैसे आपण घरी नेतो, तेव्हा त्यांचा हिशेब घरातल्या मुलीबाळींना सांगता येईल का, एवढं मात्र स्वतःला विचारून पाहावं.