दम्मामच्या माळावरचा अर्फज

सौदी अरेबियातल्या दम्मामलगतच्या जबल धहरानवर मार्च १९३८ मध्ये सात नंबरच्या विहिरीला मुबलक तेल लागलं आणि परिसराचं नशीब पालटलं. तेलाची ही कथा जगभर सांगितली गेली. भोवतालच्या माळावरची झुडपं मात्र त्याच काळात विरळ होत गेली, त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली.

इथे वर्षाला जेमतेम ८०-९० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. तेवढ्यावर रिम्थची खारट झुडपं, पिवळ्या फुलांचा अर्फज आणि वरईच्या जातकुळीतलं थुमाम गवत तग धरतं. इथले भटके बदू लोक उंटांचा खारट चारा ‘हम्द’ म्हणून वेगळा ओळखत, कारण उंटाला तो अधूनमधून लागतोच. कळप पावसामागे जायचे आणि उन्हाळ्यात विहिरींकडे परतायचे. पाण्यापासून दूर असलेल्या कुरणांना त्यामुळे आपसूक विसावा मिळे. काही टोळ्या स्वतःची राखीव कुरणंही सांभाळत. त्यांना ‘हिमा’ म्हणत.

ही घडी तेलाने नव्हे, पाण्याने विस्कटली.

पूर्वेकडचं तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेणारी टॅपलाइन १९५० मध्ये पूर्ण झाली. तिच्या कडेने खोदलेल्या विहिरींवर कळपांची गर्दी होऊ लागली. १९५३ च्या शाही फर्मानाने टोळ्यांचे हिमा मोडीत निघाले. पुढे पाण्याचे टँकर आले, मग अनुदानातली आयात केलेली बार्ली आली. चारा संपला की कळप हलायचा, हा जुना नियमच उरला नाही. अर्फज तर चाऱ्यालाही लागे आणि सरपणालाही.

या वनस्पतींची शिस्तशीर नोंद केली अरामको या तेल कंपनीत काम केलेल्या जेम्स मँडाव्हिल यांनी. ‘फ्लोरा ऑफ ईस्टर्न सौदी अरेबिया’ हा त्यांचा ग्रंथ १९९० चा. २०११ च्या पुस्तकात त्यांनी बदूंचं वनस्पतिज्ञान मांडलं, आणि ते काम अधिक मोलाचं वाटतं: कुठलं झुडूप कोणत्या जनावराला चालतं, हे चारणाऱ्यालाच ठाऊक असतं.

२०२१ मध्ये सौदी सरकारने १० अब्ज झाडांचा संकल्प सोडला. इथे सोलापूरजवळचं नान्नज आठवतं. माळढोकाच्या त्या गवताळ माळावरही गिरिपुष्पाची लागवड झाली होती. माळाला वृक्ष नव्हे, चराईतून उसंत हवी असते. शेजारच्या कुवेतमध्ये कुंपण घालून जनावरं बाहेर ठेवलेल्या क्षेत्रांत अर्फज पुन्हा फुटला आहे.