आमची चेंडू मारायची जाळी

आमच्या शाळेचे मैदान लहान आहे. एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला आजींचे कौलारू घर. पूर्वी चेंडू विहिरीत पडला की पोहरा सोडून काढायचा, त्यातच मधली सुट्टी संपायची. चेंडू आणायला आम्हा मुलींना पाठवायचे. बॅट मात्र आम्हाला मिळायची नाही. मग एकदा कौल फुटले आणि खेळच बंद झाला.

तेव्हा गुरुजींनी सांगितले, अमेरिकेत बेसबॉल खेळणारे जाळीच्या पिंजऱ्यात चेंडू मारायचा सराव करतात. त्याला वरूनसुद्धा जाळी असते. क्रिकेटवालेही जाळीत सराव करतात. माझे काका खाडीत मासे मारतात. त्यांच्याकडून मी जुने नायलॉनचे जाळे मागून आणले.

जाळे निवडताना आधी भोके बघावीत. टेनिसचा चेंडू सुमारे ६.५ सेंटिमीटर जाड असतो. भोक त्याहून बरेच लहान पाहिजे. पहिले जाळे मोठ्या भोकांचे होते, चेंडू आरपार गेला! काका खूप हसले आणि दुसरे दिले.

आम्ही मागे आणि दोन्ही बाजूंना जाळे लावले. समोर दगडी गडगा आहे, त्याला लागून चेंडू परत येतो. बांबू जाळ्याच्या बाहेरून पुरावेत, नाहीतर चेंडू बांबूवर आपटून कुठेही उडतो. जाळे ताणून बांधू नये. मला वाटले, ताणलेले छान दिसेल. पण चेंडू उसळून माझ्याच पाठीत बसला. सैल जाळ्यात चेंडूचा जोर मुरतो आणि तो खाली पडतो. खाली वीतभर जाळे जमिनीवर लोळू द्यावे व वर दगड ठेवावेत. बाहेरून जाळ्याला टेकून कोणी उभे राहू नये, कारण चेंडू लागला की जाळे बाहेर फुगते.

संध्याकाळी जाळे काढून ठेवावे. एकदा रात्री तसेच राहिले आणि सकाळी वासराचा पाय त्यात गुंतला. सोडवताना ते इतके ओरडत होते! शिवाय रोजच्या उन्हाने नायलॉन कच्चे होते.

आता प्रत्येकाला १२ चेंडू मिळतात, मुलींनासुद्धा. काल मी ९ मारले. फक्त आमच्या पिंजऱ्याला छप्पर नाही, जाळे पुरले नाही. म्हणून उंच मारला की बाद असा नियम केलाय, पण मुलगे विसरतात. पालकांपैकी कोणाकडे बारीक भोकांचे जुने जाळे असेल तर कृपया शाळेत द्यावे. आजी रोज अंगणात येऊन कौले मोजतात.