पत्रकारितेचं शिक्षण : ऐकीव काय, खरं काय

बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, "मला जर्नालिझम करायचंय." बाबा म्हणतात, "त्यात शिकायचं काय? लिहिता येतंच की तुला." शेजारी बसलेले काका माहिती पुरवतात, "डिग्रीशिवाय प्रेसचं कार्डच मिळत नाही." बाबांच्या मते पदवी निरुपयोगी, काकांच्या मते ती अनिवार्य. या प्रकरणात दोघंही चुकतात. म्हणून ऐकीव गोष्टी एकेक करून तपासू.

गैरसमज : पदवी नसेल तर पत्रकार होता येत नाही.

वस्तुस्थिती : डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची आणि वकिलाला बार कौन्सिलची नोंदणी लागते. भारतात पत्रकाराला अशी कोणतीही सनद लागत नाही. बातमी देण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून येतो आणि तो प्रत्येक नागरिकाचा आहे. वृत्तपत्रांसाठी घटनेत वेगळं कलमच नाही. सरकार देतं ती अधिस्वीकृतीपत्रिका काही सोयींसाठी आणि प्रवेशासाठी असते, तो व्यवसायाचा परवाना नव्हे. एखादं दैनिक नोकरी देताना पदवी मागतं, तेव्हा ती त्या दैनिकाची अट असते, कायद्याची नाही.

गैरसमज : मग शिकायची गरजच नाही. भाषा चांगली असली की झालं.

वस्तुस्थिती : एका मुलावर अत्याचार झाल्याची बातमी आहे, असं समजा. बातमीदाराने नाव टाळलं, पण शाळेचं नाव आणि वस्ती लिहिली. भाषा उत्तम, मथळा नेमका, आणि तरीही गुन्हा घडला. पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये पीडित बालकाचं नाव, पत्ता आणि छायाचित्राबरोबर कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजार यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार बालकाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बदनामी, न्यायालयाचा अवमान, माहितीचा अधिकार हे विषय अभ्यासक्रमात असतात ते यासाठीच. वर्गात झालेली चूक शिक्षकाच्या लाल पेनावर भागते. छापून आलेल्या चुकीची किंमत बऱ्याचदा तिसराच कोणी मोजतो.

गैरसमज : संज्ञापन म्हणजे छान बोलायला शिकणं.

वस्तुस्थिती : विद्यापीठांच्या विभागांच्या नावात 'पत्रकारिता' किंवा 'वृत्तपत्रविद्या' या शब्दांच्या शेजारी 'संज्ञापन' असतं, ते वक्तृत्वासाठी नव्हे. सांगितलेलं समोरच्यापर्यंत पोचलं का, आणि पोचून काय झालं, हे शोधण्याचं ते शास्त्र आहे. त्याचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच मातीत झाला. 1956 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. साधारण वीस जण एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवत. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. त्यात तीन प्रकारची गावं ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावांत माहितीची भर कितीतरी जास्त पडल्याचं दिसलं. नुसत्या रेडिओने ते साधलं नव्हतं. माणसं बसून बोलली, तेव्हा ऐकलेलं रुजलं. आज गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादी अफवा का टिकते, हे समजून घ्यायलाही ही पद्धत उपयोगी पडते.

गैरसमज : गणित जमत नाही, म्हणून पत्रकारिता.

वस्तुस्थिती : 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. लोकमान्य टिळकांची पदवीही गणितातली. हा योगायोग समजा हवं तर; पण अर्थसंकल्प, पीकविमा, मतमोजणी, साथरोग यांतली एकही बातमी आकड्यांशिवाय होत नाही. एखादा कर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला, तर तो 'दोन टक्क्यांनी वाढला' असं सर्रास छापलं जातं. भरणाऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम मात्र दीडपट झालेली असते, म्हणजे वाढ 50 टक्क्यांची. हे ज्याच्या लक्षात येत नाही, त्याच्या हाती कोणीही कसलंही प्रसिद्धिपत्रक देऊ शकतो.

गैरसमज : हे अलीकडचं खूळ आहे.

वस्तुस्थिती : लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग 1941 मध्येच सुरू झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात हे शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. पुणे विद्यापीठाचा विभाग, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, 1964 चा. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 मध्ये स्थापन झाली. तिचं एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारिताही शिकवली जाते.

गैरसमज : पदवी मिळाली की अँकरची खुर्ची तयार.

वस्तुस्थिती : पडद्यावर एक चेहरा दिसतो. त्याच्यामागे बातमीदार, कॅमेरामन, व्हिडिओ एडिटर आणि डेस्कवर मजकूर तपासणारे उपसंपादक असतात. बहुतेकांची सुरुवात तिथेच होते : दुसऱ्याची बातमी नीट करण्यात, रात्रपाळीत, तालुक्याच्या बीटवर. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हे घरच्यांनी आधीच ऐकून ठेवलेलं बरं. पदवी दारापर्यंत नेते. आत टिकायचं तर बातमीच आणावी लागते.

तेव्हा बाबांना आणि काकांना एकच उत्तर : या वर्गात जायचं ते लिहायला शिकण्यापेक्षा लिहिलेलं तपासायला शिकण्यासाठी. विभाग निवडताना माहितीपुस्तिकेतले स्टुडिओचे फोटो पाहून भुलू नका. प्रवेशाआधी एक दिवस तिथे जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीन गोष्टी विचारा. विभागाचा स्वतःचा अंक निघतो का? या वर्षी किती वेळा वर्गाबाहेर जाऊन बातमी केली? आणि ती किती वेळा 'पुन्हा फोन कर, दुसऱ्या बाजूला विचार' असं म्हणून परत आली? तिसऱ्या प्रश्नावर मुलं कपाळावर हात मारून हसली, तर फॉर्म भरून टाका.