परावर्तक पृष्ठभागाजवळील धातूचे नॅनोकण आणि वर्तुळ-ध्रुवित प्रकाश

ज्या प्रकाशातील विद्युत क्षेत्राची दिशा प्रसारणाच्या अक्षाभोवती सतत फिरत राहते, त्यास वर्तुळ-ध्रुवित प्रकाश म्हणतात. फिरण्याच्या दिशेनुसार त्याचे दक्षिणावर्ती व वामावर्ती असे दोन प्रकार होतात. सोने किंवा चांदीच्या नॅनोकणावर असा प्रकाश पडला, की धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांचे आंदोलनही फिरते होते. पाण्यातील सोन्याच्या लहान गोल कणांत हे आंदोलन सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक तीव्र असते. कणाजवळ आरसा असल्यास या क्रियेचे स्वरूप बदलते.

आरशाचा परिणाम

आरशावर लंबरूप पडलेला दक्षिणावर्ती प्रकाश परावर्तनानंतर वामावर्ती होतो. मात्र विद्युत क्षेत्राची फिरण्याची दिशा तीच राहते. उलटते ती प्रसारणाची दिशा. पारदर्शक घड्याळाचे काटे मागून पाहिल्यास उलटे फिरताना दिसतात, तसाच हा प्रकार आहे. आपाती व परावर्तित तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतो. आदर्श आरशाच्या लगत त्याचे विद्युत क्षेत्र शून्य, तर पाव तरंगलांबी अंतरावर सर्वाधिक असते. तेथे ठेवलेला कण प्रकाश शोषताना त्याला फिरवणारे आघूर्णही अनुभवतो.

दिशेची निवड

प्रकाश तिरपा पडल्यास कणातील फिरत्या आंदोलनाचे प्रतल पृष्ठभागाला समांतर राहत नाही. अशा वेळी धातूच्या पृष्ठभागालगत पसरणारे तरंग, म्हणजेच पृष्ठ-प्लाझ्मॉन, एका बाजूला अधिक जातात. प्रकाशाचा प्रकार बदलला की ही बाजूही बदलते. सोन्याचा गोल कण स्वतः डावा-उजवा भेद करत नसला, तरी पृष्ठभागाच्या सान्निध्यात हा भेद प्रकट होतो. २०१३ मध्ये सोन्याच्या पातळ थरातील फटीवर केलेल्या प्रयोगात असा दिशाभेद आढळला.

महत्त्व

काही रेणूंची डावी व उजवी अशी दोन रूपे असतात. कार्व्होनच्या एका रूपाला पुदिन्याच्या एका जातीचा, तर दुसऱ्याला शहाजिऱ्याचा वास असतो. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाने ही रूपे ओळखता येतात. नॅनोकणांभोवतीचे तीव्र क्षेत्र हा क्षीण फरक वाढवू शकते. परंतु साध्या आरशासमोर दोन्ही प्रकारचा प्रकाश जवळजवळ समप्रमाणात एकत्र येतो व फरक पुसला जातो. त्यामुळे परावर्तनानंतरही प्रकाशाचा मूळ प्रकार टिकवणारे, सूक्ष्मरचनांनी घडवलेले आरसे विकसित करण्यात आले आहेत.