संक्षिप्त दुव्यांची स्वतःची नोंदवही

शाळेच्या सूचना, ग्रामसभेचे ठराव, योजनांची माहिती हे सारे आता संकेतस्थळांवर ठेवले जाते. त्याचा पत्ता मात्र पुष्कळदा कागदावरच छापावा लागतो. हा पत्ता लांबलचक असतो आणि त्यात मराठी शब्द आले की त्याची लांबी विलक्षण वाढते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हासाठी, मग ते व्यंजन असो, काना असो वा अनुस्वार, पत्त्याची नक्कल घेताना ९ रोमन चिन्हे उमटतात. ‘ग्रामपंचायत’ या एका शब्दाची अशी ९९ चिन्हे होतात. मराठीतील एका लघुसंदेशात ७० चिन्हे मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते.

यावर उपाय म्हणून लांब पत्त्याला आखूड नाव देणाऱ्या सेवा निघाल्या. २००२ मध्ये ‘टायनीयूआरएल’ आली, पुढे ‘बिटली’ आली. गूगल कंपनीने २००९ मध्ये अशीच सेवा सुरू केली आणि मार्च २०१९ मध्ये तीत नवे दुवे घेणे पूर्णपणे थांबविले. आधीचे सर्व दुवेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. ऐन वेळी हा निर्णय सौम्य करण्यात आला आणि ज्यांचा वापर होत नव्हता असेच दुवे बंद करण्याचे ठरले. परंतु ग्रंथालयातील पुस्तकात छापलेला दुवा दहा वर्षांत एकदाच लागतो; तो वापरात नाही म्हणून निरुपयोगी ठरत नाही.

दुसऱ्याच्या नोंदवहीत आपली नोंद ठेवली की असे व्हायचेच. ही नोंदवही स्वतःची असावी, यासाठी फारसा खर्च वा संगणकशास्त्राचे विशेष ज्ञान लागत नाही. एक छोटेसे डोमेन नाव वार्षिक शुल्क भरून नोंदवावे लागते. नाव निवडताना त्याचे शेपूट कोणत्या देशाचे आहे हे पाहावे. ‘डॉट एलवाय’ हे लिबियाचे आहे आणि तेथील नोंदणी संस्थेने २०१० मध्ये अशीच सेवा चालविणाऱ्या एका संकेतस्थळाचे नाव काढून घेतले होते. आपल्याकडे ‘डॉट इन’ सहज उपलब्ध आहे.

यानंतर जागेचा प्रश्न येतो. ज्या संगणकावर केवळ तयार पाने ठेवलेली असतात आणि मागणी येताच ती जशीच्या तशी पाठविली जातात, त्या व्यवस्थेस स्थिर होस्टिंग म्हणतात. तेथे माहितीकोश नसतो, चालू ठेवण्याजोगी आज्ञावली नसते. त्यामुळे बिघडण्यासारखेही फार काही नसते. ‘गिटहब पेजेस’वर सार्वजनिक स्वरूपाच्या कामासाठी अशी जागा विनामूल्य मिळते. तेथे प्रत्येक संक्षिप्त नावाचा एक फोल्डर करावयाचा आणि त्यात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नावाचे पान ठेवावयाचे. त्या पानात ‘मेटा रिफ्रेश’ ही एक ओळ पुरेशी असते : शून्य सेकंद थांबून अमुक पत्त्यावर जावे, एवढाच तिचा आदेश. शिवाय तोच पत्ता पानावर दिसेल असाही द्यावा.

‘नेटलिफाय’ व ‘क्लाउडफ्लेअर पेजेस’ येथे काम याहून सोपे आहे. ‘रिडायरेक्ट्स’ नावाची एकच मजकूर-फाइल (नावाच्या आरंभी अधोरेषा हवी) लिहावी लागते आणि तिच्या प्रत्येक ओळीत संक्षिप्त नाव, मूळ पत्ता व एक सांकेतिक अंक असतो. हा अंक ३०१ दिला तर बदल कायमचा समजला जातो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. पुढे मूळ पत्ता बदलला तरी काही वाचक जुन्याच ठिकाणी पोहोचत राहतात. म्हणून बदलू शकणाऱ्या पत्त्यांसाठी ३०२ हाच अंक द्यावा, हे बरे.

संक्षिप्त नावे लहान लिपीतील रोमन अक्षरांत, दूरध्वनीवर सांगता येतील अशी ठेवावीत. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांचा घोटाळा छापील कागदावर हमखास होतो. ‘अर्ज’, ‘निकाल’ यांसारखे ओळखीचे शब्द रोमन लिपीत लिहिले तर ते लक्षातही राहतात. क्यूआर कोड काढताना हाच आखूड पत्ता वापरावा. त्यातील चौकोन कमी व मोठे होतात आणि मूळ पान हलले तरी छापलेला कोड बाद होत नाही.

किती जणांनी दुवा उघडला याची गणना या पद्धतीत आपोआप होत नाही. शाळेच्या किंवा गावाच्या कामात ही उणीव मानण्याचे कारण दिसत नाही. गोपनीयतेची बाब मात्र वेगळी आहे. संक्षिप्त नाव कोणीही ओळखू शकतो आणि सार्वजनिक जागेतील नोंदवही कोणालाही वाचता येते. सबब विद्यार्थ्यांच्या वा लाभार्थ्यांच्या याद्यांचे दुवे येथे ठेवू नयेत.

फाइलची एक प्रत स्वतःजवळ असली की होस्टिंग देणारी संस्था बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. डोमेन नावाचे तसे नाही. शुल्क थकले आणि मुदत टळली, तर ते नाव दुसरा कोणी घेऊ शकतो आणि जुन्या कागदांवरील सर्व दुवे त्याच्या हाती जातात. वैयक्तिक नावावर कार्यालयाचे दुवे चालविले तर बदलीनंतर शुल्क कोणी भरावे, हाही प्रश्न उरतोच. शासकीय कार्यालयांना ‘जीओव्ही डॉट इन’ हे नाव राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्रामार्फत मिळते. कार्यालयाचे दुवे त्याखालीच असावेत. शिक्षकाने स्वतःच्या नावावर नोंदवही ठेवली असेल, तर नूतनीकरणाची तारीख घरातील आणखी एकास माहीत असावी.