उंचावलेले हात आणि हरवलेले वजन

सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकातील लिफ्टमध्ये वजनाचा साधा काटा ठेवून त्यावर उभे राहिल्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यासही थोडी मौज वाटेल. लिफ्ट खाली जाऊ लागते त्या क्षणी साठ किलोग्रॅमचा मनुष्य काट्यावर चोपन्न किलोग्रॅमच्या आसपास भरतो. ती थांबू लागते तेव्हा तोच सहासष्टाच्या घरात जातो. त्वरण दर सेकंदास सुमारे एक मीटर प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाचा दहावा हिस्सा, धरून हे आकडे येतात. शरीराचे वस्तुमान बदलत नाही. बदलतो तो आधार. आपण ज्यास वजन म्हणून ओळखतो ते वस्तुतः बैठकीने वा जमिनीने आपणास वर दिलेल्या रेट्याचे ज्ञान होय. रोलर कोस्टरवरील प्रवासी हात वर करून बसतो तेव्हा नेमके काय घडते, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाची उकल येथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात २०१३ साली सुरू झालेली ‘नायट्रो’ ही गाडी घ्यावी. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या कंपनीने ती बांधली. हिच्या डब्यास तळ नाही, प्रवाशाचे पाय अधांतरी लोंबतात आणि खांद्यावरून येणारा मजबूत आडणा त्यास बैठकीत धरून ठेवतो. उंची सुमारे चाळीस मीटर. घर्षण सोडून दिल्यास एवढ्या उतारावरून येणाऱ्या गाडीचा वेग सेकंदास अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर, होतो. प्रवाशाने हात वर केले म्हणून या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, हे येथेच सांगून टाकावे.

खरी गंमत टेकाडाच्या माथ्यावर आहे. समजा, गाडी सेकंदास पंधरा मीटर वेगाने वीस मीटर त्रिज्येच्या माथ्यावरून जात आहे. तिला त्या वाटेवर ठेवण्यास ११.२५ एवढे अधोगामी त्वरण लागते. गुरुत्व पुरवते ते केवळ ९.८. उरलेल्या सुमारे दीड एककाची तरतूद रुळाने गाडीला आणि आडण्याने प्रवाशाला खाली दाबून करावी लागते. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये यासाठी रुळाच्या खालून धावणारी तिसरी चाके लागतात; अमेरिकेतील जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये त्यांचे एकस्व घेतले आणि तेव्हापासून असे माथे निर्धास्तपणे बांधता आले. १८८४ साली कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन यांनी चालविलेली गाडी ताशी सहा मैलांच्या वेगाने डुलत जाई. तिला अशा चाकांची गरजच नव्हती.

मनुष्याचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्याच्या वस्तुमानाच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे साठ किलोग्रॅमच्या माणसात तीन किलोग्रॅम असतो. वरील माथ्यावर तो मांडीवर टेकून राहत नाही. तो खाली ठेवावयाचा तर सुमारे साडेचारशे ग्रॅम वजनाइतक्या बलाने ओढून धरावा लागतो. तेव्हा येथे हात उंचावले जातात असेच म्हणणे अधिक यथार्थ! स्कायलॅबवरील अंतराळवीरांचे १९७३–७४ मधील निरीक्षणही याच जातीचे आहे: स्नायू सैल सोडताच त्यांचे बाहू आपोआप छातीसमोर तरंगत.

दरीत मात्र हिशेब उलटतो. सेकंदास पंचवीस मीटर वेग आणि तीस मीटर त्रिज्या असल्यास जाणवणारे वजन तिपटीहून किंचित अधिक भरते. तीन किलोग्रॅमचा हात नऊ किलोग्रॅमचा होतो आणि पुष्कळांचे हात येथे मुकाट्याने खाली येतात. रक्ताचीही तीच अवस्था. हृदयापेक्षा साठ सेंटीमीटर उंच असलेल्या पंजात रक्तदाब नेहमीच पाऱ्याच्या सुमारे सत्तेचाळीस मिलिमीटरांनी कमी असतो. तिप्पट वजनात ही तूट एकशे चाळीसवर जाते आणि धमनीतील सरासरी दाब तर नव्वद ते शंभरच असतो. म्हणजे तेवढा वेळ पंजास नवे रक्त पोहोचणे जवळजवळ थांबावयास हवे. दरी एक-दोन सेकंदांत सरते म्हणून यात इजा नाही.

तथापि केवळ बलांच्या हिशेबाने अनुभव संपत नाही. हात हे स्थैर्याचे ज्ञानेंद्रियही आहे. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये दाखविले की, उभ्या मनुष्याने बोटाच्या टोकाने एक न्यूटनहूनही कमी बलाने, म्हणजे आधार म्हणून निरुपयोगी इतक्या हलकेपणाने, एखाद्या स्थिर वस्तूस स्पर्श केला तरी त्याचे डोलणे घटते. दांडी सोडणारा प्रवासी ही माहिती गमावतो. मग गतीची खबर मुख्यतः डोळे, बैठकीचा स्पर्श आणि आंतरकर्णातील सूक्ष्म चुनखडी-कण यांवर उरते. त्यामुळे तोच उतार अधिक खोल भासत असावा. हे अर्थातच उभ्या माणसावरील प्रयोगावरून बसलेल्या माणसाविषयी काढलेले अनुमान आहे. आमच्या मते ते ग्राह्य आहे. एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये वर्णिलेला नियंत्रणाचा भासही येथे जुळतो, कारण दांडी घट्ट धरल्याने गाडी तसूभरही वळत नाही. वळते ती आपली समजूत. हात उंचावण्याच्या पवित्र्यानेच धैर्य संचारते, हा २०१० मधील एका निबंधाने गाजविलेला विचार मात्र सोडून द्यावा. २०१५ च्या मोठ्या पुनःप्रयोगात संप्रेरकांवरील व वर्तनावरील परिणाम आढळले नाहीत.

मग हात वर करणे सुरक्षित काय? याचे उत्तर हातात नसून बांधणीत आहे. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या एफ-२२९१ या मानकानुसार, बंधनात बसलेल्या प्रवाशाचे अवयव जेथवर पोहोचू शकतील तेवढा अवकाश खांब, तुळया आणि शेजारचे रूळ यांपासून मोकळा राखावा लागतो. आडणाही प्रवाशाच्या पकडीवर अवलंबून नसतो. तरीही चालकाने हात आत ठेवावयास सांगितले असता ते मानलेच पाहिजे. आडव्या हिसक्याने सैल हाताचा खांदा दुखावू शकतो, ही गोष्ट प्रवाशास बसल्या जागी दिसत नाही.

जत्रेतील फिरत्या पाळण्यांची गोष्ट वेगळी. तेथे पुष्कळदा आडवी दांडी असते, पण ती शरीरास बैठकीशी जखडत नाही. प्रवासी तिला धरतो म्हणूनच तो जागेवर राहतो. दिव्यांच्या माळा आणि बांबूही हाताच्या टप्प्यात येतात. विद्यार्थ्यांनी पाहणी करावयाची तर ती अशा ठिकाणी करावी: दांडीस कुलूप आहे काय, कुलूप उघडले असता गाडी सुरू होते काय, आणि बसलेल्या माणसाच्या बोटांच्या टोकापासून सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे. तिसऱ्या प्रश्नास टेप पुरते. मात्र पाळणा थांबलेला असताना.