'किसन'चं 'कसिन' : ओपन सोर्स लायब्ररी आपल्या प्रोजेक्टमध्ये घेताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कोड वाचून दाखवण्यात मजा नाही, त्यामुळे कोडच्या ओळींऐवजी त्या काय करतात ते सांगणार आहे.

सुरुवात एका पावतीपासून. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, सी प्लस प्लसमध्ये. दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असलेली छोटी पावती छापायची, एवढंच काम. तेव्हा नावं इंग्रजीत होती. पुढे कुणीतरी नावं मराठीत भरली. मी पुण्याला नोकरीला लागलो आणि त्या प्रोग्रॅमकडे परत बघितलंच नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तर केंद्रावर एका आप्पांनी पावती माझ्यापुढे धरली. "पोरा, ह्यो 'कसिन' कोण रं? माझं नाव किसन हाय."

गावात किसन तिघे आहेत, आणि तिघांचाही प्रोग्रॅमने 'कसिन' केला होता. 'कऱ्हाड'मधला र पाय मोडून उभा होता, 'सूर्यकांत'चा रफार खाली उतरला होता. दहा दिवसांनी बिल निघतं तेव्हा काही शंका आली, तर शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून हीच पावती असते. आणि तिच्यावर त्याचं नावच बरोबर नाही. चूक कुणाची? शंभर टक्के माझी.

नेमकं काय चुकलं होतं

युनिकोडमध्ये 'किसन' साठवलं जातं ते असं : क, मग पहिली वेलांटी, मग स, मग न. उच्चाराच्या क्रमाने. पण कागदावर वेलांटी क-च्या आधी काढावी लागते. माझा प्रोग्रॅम फ्रीटाइप नावाची लायब्ररी वापरून एकेक कोड उचलायचा आणि त्याचं चित्र पुढे ठेवायचा. म्हणजे क काढला, मग वेलांटी, मग स. वेलांटी बसली स-च्या डोक्यावर. झालं 'कसिन'!

यात फ्रीटाइपचा काही दोष नाही. तिचं काम अक्षराचं चित्र काढणं. कोणतं चित्र, कुठल्या क्रमाने, कुठे बसवायचं हे ठरवणं वेगळं काम आहे, त्याला शेपिंग म्हणतात. ज, पायमोड आणि ञ मिळून 'ज्ञ' हे एकच चित्र घ्यायचं, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, ही सगळी शेपिंगची कामं.

पहिला विचार आला की दोन-चार नियम स्वतःच लिहू. एका रात्रीत वेलांटी जमलीसुद्धा. दुसऱ्या रात्री 'विठ्ठल' आला, तिसऱ्या रात्री 'ज्ञानेश्वर', आणि मी हात टेकले.

हे काम करणारी लायब्ररी आधीच आहे. तिचं नाव हार्फबझ. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे उघडं. 'ओपन टाइप' या फाँट पद्धतीच्या नावाचं हे गमतीदार भाषांतर. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे हीच आहे. तुम्ही हे मराठी फोनवर वाचत असाल, तर बहुतेक तिच्याच कृपेने.

घेण्याआधी

दोन गोष्टी बघितल्या. पहिली, लायसन्स. हार्फबझचं लायसन्स जुन्या एमआयटी पद्धतीचं आहे. आपला कोड बंद ठेवला तरी चालतं, फक्त त्यांची कॉपीराइटची नोंद सोबत ठेवायची. दुसरी, प्रोजेक्ट जिवंत आहे का. नवीन आवृत्त्या येतात का, बग नोंदवला तर कुणी उत्तर देतं का. इथे चिंता नव्हती.

मग कोड आणायचा. इथे एक आठवण करून देतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला रिमोट लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो त्याच्या मागे लागला म्हणून ते उघडकीला आलं. त्या घातक कोडला जागं करणारा बिल्ड स्क्रिप्टचा भाग गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये घातलेला होता.

म्हणून एवढं लक्षात ठेवा : लायब्ररी बिल्ड करणं म्हणजे अनोळखी माणसाची स्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालवणं. चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत बदलली नाही एवढंच कळतं, आत काय आहे ते नाही. मी हार्फबझचा एक ठरावीक टॅग गिट सबमोड्यूल म्हणून घेतला. 'लेटेस्ट' नाही. सबमोड्यूल एका कमिटला बांधलेलं असतं, त्यामुळे आज बिल्ड केलं काय आणि सहा महिन्यांनी केलं काय, कोड तोच.

बिल्ड झालं, पण चाललं नाही

हार्फबझ बिल्ड करायला मेसॉन आणि निंजा लागतात. मेसॉन सेटअप, मेसॉन कंपाइल, मेसॉन टेस्ट. तीन आज्ञा. माझ्या लॅपटॉपवर चहा संपायच्या आत बिल्ड झालं. मी खूश.

पहिला दणका लिंकिंगला. माझा कोड कंपाइल झाला, पण लिंकर म्हणाला 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात, म्हणून सांगतो. हेडर फाइल म्हणजे लग्नाची पत्रिका. कोण येणार ते तिच्यात छापलेलं असतं, पण माणूस अजून मांडवात आलेला नसतो. कंपायलर पत्रिका वाचून समाधानी होतो, लिंकर मात्र प्रत्यक्ष माणूस मागतो. पीकेजी-कॉन्फिगला विचारून योग्य फ्लॅग दिले, लिंक झालं.

दुसरा दणका केंद्रावरच्या जुन्या लिनक्स पीसीवर. प्रोग्रॅम सुरूच होईना. शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणे. साहजिक आहे, ती माझ्या लॅपटॉपवर होती! फाइल नेऊन ठेवली, तर आता जीलिब सापडेना. मी जीलिब मागितलीच नव्हती. मग कळलं की हार्फबझचे बरेच जोड-पर्याय 'ऑटो' असतात. मशीनवर जीलिब, आयसीयू, कैरो दिसले की बिल्ड त्यांना बरोबर घेतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं होतं, म्हणून सगळं घेतलं.

उपाय सरळ होता. मेसॉनला सांगितलं, ऑटो पर्याय सगळे बंद, फक्त फ्रीटाइप चालू, आणि लायब्ररी स्टॅटिक बनव. स्टॅटिक म्हणजे तिचा कोड थेट माझ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये. फाइल थोडी जाडजूड होते आणि हार्फबझमध्ये दुरुस्ती आली की प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करून पाठवावा लागतो. पण ज्या केंद्रावर पहाटे पाचला रांग लागते, तिथे 'फाइल सापडत नाही' परवडत नाही.

एक गंमत. फ्रीटाइपलाही हार्फबझ लागू शकते आणि हार्फबझला फ्रीटाइप. आधी अंडं की आधी कोंबडी? आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बिल्ड करायची, मग तिच्यावर हार्फबझ. माझं काम तेवढ्यावर भागलं. हवं असेल तर नंतर फ्रीटाइप पुन्हा बिल्ड करता येते.

वापरताना झालेल्या तीन चुका

वापर सोपा आहे. बफर तयार करा, त्यात मजकूर घाला, लिपी, दिशा आणि भाषा सांगा, शेप करा, निकाल घ्या. निकालात दोन याद्या मिळतात : कोणती चित्रं आणि ती कुठे बसवायची. तरी मी तीनदा आपटलो.

पहिली चूक. निकालात 'कोडपॉइंट' नावाचा रकाना असतो. शेप करण्याआधी त्यात युनिकोडचा आकडा असतो, शेप झाल्यावर मात्र त्याच रकान्यात फाँटमधल्या चित्राचा क्रमांक येतो. नावाला भुलून मी तो अक्षराचा कोड समजलो. पावतीवर भलतीच चिन्हं आली.

दुसरी चूक. फ्रीटाइपसोबत वापरताना अंतरं पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतात. मी ६४ ने भागायला विसरलो. ५८ मिलिमीटरच्या कागदावर आमचा प्रिंटर आडवे ३८४ ठिपके काढतो. पहिलं चित्र जागेवर, बाकी सगळी कागदाबाहेर. 'किसन'ची नुसती वेलांटी छापून आली, एकटीच! पण मला आनंद झाला. वेलांटी पहिली आली, म्हणजे क्रम बरोबर लागला होता.

तिसरी चूक जास्त सतावणारी. माझ्या लॅपटॉपवर ल आपण शाळेत गिरवलेला, पाकळ्यांचा यायचा. केंद्रावर तोच ल हिंदी वळणाचा. फाँट तोच, कोड तोच. कारण असं, की मी भाषा स्वतः न सांगता हार्फबझला अंदाज घ्यायला सांगितलं होतं. लिपी ती मजकुरावरून ओळखते, पण भाषा प्रोग्रॅमच्या लोकेलवरून घेते. माझा लॅपटॉप मराठीत आहे, केंद्राचा पीसी इंग्रजीत. काही फाँटमध्ये मराठीसाठी ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण ते भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मिळतात. 'एमआर' असं स्पष्ट लिहिलं आणि प्रश्न मिटला.

आपलीशी करणं

आता मुद्द्याचं. लायब्ररी फोल्डरमध्ये आली, बिल्ड झाली, लिंक झाली, म्हणून ती आपली होत नाही. ती कशी बिल्ड झाली, कशावर उभी आहे, आपण तिला काय सांगितलं आणि काय तिच्या अंदाजावर सोडलं, हे माहीत झालं की ती आपली. माझ्या सगळ्या चुका 'अंदाज' या खात्यातल्या होत्या. ऑटो पर्याय हा अंदाज, लोकेल हा अंदाज, रकान्याच्या नावाचा अर्थ हाही अंदाजच.

म्हणून शेवटी एक चाचणी लिहिली. गावातली अवघड नावं आणि आडनावं एका फाइलमध्ये, प्रत्येकासमोर अपेक्षित चित्रांचे क्रमांक. हार्फबझसोबत 'एचबी-शेप' नावाचं छोटं साधन येतं. तोच फाँट आणि तेच नाव दिलं की कमांड लाइनवरच क्रमांक मिळतात. साधनात बरोबर आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक, तर चूक माझी. भांडण तिथेच मिटतं. आवृत्ती बदलली की ही चाचणी आधी चालवायची, मगच केंद्रावर पाठवायचं. आणि लायब्ररीच्या आतल्या कोडला हात लावायचा नाही. काही बदलावंसं वाटलं तर मूळ प्रोजेक्टला सुचवायचं, नाहीतर पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो बदल आपल्यालाच वाहत न्यावा लागतो.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा नवीन प्रोग्रॅम बसवला. पहाटे आप्पा आले, दूध घातलं, पावती निघाली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, लांब केली, जवळ आणली. मी श्वास रोखून उभा.

"नाव बरोबर हाय," ते म्हणाले. मग बोट खाली सरकवून, "पर फॅट कमी कसं लागलं रं?"

ते मात्र हार्फबझच्या हातात नाही. भेटू पुढच्या भागात.